खाऱ्या बांगड्याची कावीळ

काळ्या कापडाच्या मांडवात अडीचशे माणसं कोंबली होती आणि एकाचा आवाज नव्हता. गव्हाणची माणसं गप बसली, खरं तर हाच पहिला चमत्कार. मधे चौरंग, चौरंगावर पितळेची वाटी, वाटीत निळी ज्योत. एवढी फिकी, की बाहेरच्या उजेडात दिसलीपण नसती. तिच्यामागे ज्योतबाबा बसलेले. दाढी काळीकुळकुळीत आणि भुवया पांढऱ्या. कलप कुठे लावायचा राहिला ते मला लगेच दिसलं.

"हात बुडवा, माऊली," बाबा म्हणाले.

आमची शेजारीण रंभा पुढे झाली. तिने दोन्ही हात पाण्याच्या परातीत बुडवले. बाबांनी तुळशीची डहाळी त्या पाण्यात बुडवली आणि ज्योतीवर झटकली.

फस्स! निळी ज्योत पिवळीधमक झाली. हळदीतल्या नवरीसारखी.

"आऽऽ!" अख्खा मांडव ओरडला. बाहेर झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

"पाहिलंत?" बाबांनी डोळे फिरवले. "देहातली कावीळ पाण्यात आली, पाण्यातली अग्नीत आली! ही साधी ज्योत नाही, क्वांटम ज्योत आहे! परदेशातले शास्त्रज्ञ माझ्या दारात रांग लावून गेले. मी म्हटलं, आधी चपला बाहेर काढा! सात दिवस, सात बैठका. सातव्या दिवशी ज्योत हिरवी होईल. हिरवी म्हणजे काय? लिव्हर पानासारखं ताजं! पण एक पथ्य. अंगाला सुई लागता कामा नये. सुई टोचली की ज्योत रुसते."

मग हात बुडवले माझ्या नातसुनेनं, मोनालीनं. सातवा महिना. डोळे लिंबासारखे पिवळे, पोटात पेजेशिवाय काय ठरत नव्हतं. तिची ज्योत पण पिवळी झाली. माझ्या सुनेनं, प्रमिलानं, डोळे मिटून हात जोडले.

मी पण बसले होते. पण मी हात नाय जोडले. या सगळ्याचं मूळ मीच होते.

मी गंगू. पन्नास वर्षं पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकते आणि थापा मारते. मासळी दुपारपर्यंत संपते, थापा संपत नाय. एकदा आमच्या जाळ्यात एवढं मोठं जिताडं लागलं, की त्याच्या पोटात आमचीच मागल्या वर्षी हरवलेली होडी निघाली, वल्ह्यासकट. हे मी सांगते आणि गिऱ्हाईक हसत हसत पावशेर सुकट जास्त घेतं. त्यात कोणाचं काय जात नाय.

तर या बैठकीच्या आदल्या महिन्यात हे ज्योतबाबा नवीन आले. मी बाजारात सांगितलं, "बाबांनी ज्योत दाखवली आणि माझे गुडघे एवढे बरे झाले, की घरी येताना मी खाडी उडी मारून पार केली. मधे एकदाच पाय टेकला, तो पण एका गलबताच्या शिडावर." सगळे हसले. पण गोष्ट चालायला लागली. उलव्यात गेली तेव्हा तिच्यातलं शीड गळलं. खारघरला पोचली तेव्हा खाडी गळली. फिरून गव्हाणला आली तेव्हा एवढंच उरलं होतं, "गंगूआजीचे गुडघे बरे झाले, तिच्या घरच्यांनीच सांगितलं." मोठी थाप कोणी खरी मानत नाय, पण तिला घासून पुसून लहान केली की ती लगेच खरी होते.

शुक्रवारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने मोनालीला तपासलं होतं. "गरोदरपणातली कावीळ आहे. आजच ॲडमिट करा. हिला आणि बाळाला, दोघांनाही धोका आहे." शनिवारी प्रमिला तिला घेऊन मांडवात बसली.

"अगो प्रमिला," घरी आल्यावर मी म्हटलं, "माझे गुडघे बघ. तेच जुने, तेच कुरकुरणारे. ती माझी थाप होती!"

"आता थाप मारताय," प्रमिला म्हणाली. "पोरीला दवाखान्यात टाकायला."

घ्या! पन्नास वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले, तर ते थापेत जमा झालं.

तिला तरी काय बोलू? माझ्या सुभाषला, म्हंजे तिच्या नवऱ्याला, दोन वर्षांपूर्वी छातीत दुखायला लागलं. आधी मीठ उतरवलं, मग अंगारा लावला, मग चौथ्या दिवशी दवाखान्यात नेला. संध्याकाळी तो गेला. प्रमिलाच्या मनात दवाखाना राहिला, आधीचे तीन दिवस नाय राहिले.

"मोनाली तिथं जायची नाय," ती एवढंच म्हणाली आणि अंगणात बोंबील उलटे करायला गेली. आमचा कल्पेश, मोनालीचा नवरा, रिक्षा चालवतो. तो एकदा बायकोकडे बघायचा, एकदा आईकडे. पळस्प्याच्या जंक्शनला नवीन गाडीवाला गोंधळतो तसा, गोव्याला वळू का पुण्याला.

दुपारी मी मोनालीसाठी पेज टाकली. मूठभर मीठ पडलं, माझा हात तसा सैलच. गप्पांत लक्ष राहिलं नाय आणि पेज उतू गेली. गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी फडफडली.

"अगो बाय!" मी ओरडले. "गॅसला कावीळ झाली!"

माझी नात स्नेहा, कल्पेशची बहीण, बाजूलाच मोबाईल घेऊन बसली होती. खारघरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला हाय. ती ताडकन उठली.

"आजी, परत बोल!"

"गॅसला कावीळ झाली. का गो, त्याला पण सात बैठका?"

स्नेहाने कपाळावर हात मारला. "आजी, मी गाढव आहे! गेल्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला केलंय हे. फ्लेम टेस्ट! मीठ आहे ते. नुसतं मीठ!"

तिने पुसून गॅस परत पेटवला. आधी फिल्टरचं पाणी बोटांनी शिंपडलं. ज्योत जरा थरथरली आणि निळीच राहिली. मग म्हणाली, "तुझे हात बुडव या वाटीत." मी सकाळपासून बांगडे खारवत होते. बुडवले. तिने ते पाणी शिंपडलं. फस्स! पिवळी!

"म्हंजे मला पण कावीळ?"

"तुला नाही, तुझ्या हातांना मीठ आहे. पन्नास वर्षांचं. गव्हाणात ज्याचे हात बुडवशील त्याची ज्योत पिवळी होणार. अर्धं गाव मासळी खारवतं. आणि जो नाही खारवत, त्याला घाम येतोच की. तोही खारटच."

मी खाली पाट घेऊन बसले. "पण मीठ पांढरं. मग ज्योत पिवळी का?"

मग पोरीने मला अणूच्या आत नेलं. कसं, ते तिच्याच शब्दांत सांगते.

"आजी, सगळं अणूंचं बनलंय आणि अणूत इलेक्ट्रॉन असतात. त्यांचे मजले ठरलेले असतात. खारघरच्या टॉवरची लिफ्ट कशी, दुसऱ्यावर थांबते, तिसऱ्यावर थांबते, अडीचाव्यावर नाही थांबत. तसंच. तापवलं की इलेक्ट्रॉनला ऊर्जा मिळते आणि तो वरच्या मजल्यावर उडी मारतो. पण तिथे तो टिकत नाही. लगेच खाली येतो. आणि येताना ती जास्तीची ऊर्जा टाकून देतो, प्रकाश म्हणून."

"वरून येताना दिवा टाकतो!"

"तसंच समज. आता प्रत्येक पदार्थाच्या मजल्यांची उंची वेगळी. म्हणून उडी वेगळी, म्हणून रंग वेगळा. मिठात सोडियम असतं. त्याची ती उडी ठरलेली, म्हणून रंग ठरलेला. पिवळा. हायवेवर पूर्वी पिवळे दिवे होते ना, त्यातही सोडियमच असायचं."

"मग हायवेला पण कावीळ होती म्हण की. आणि हा इलेक्ट्रॉन त्या मजल्यावर फिरतो कसा? घाण्याच्या बैलासारखा गोल गोल?"

"नाही गं, तो नेमका कुठे आहे ते सांगताच येत नाही. कुठे सापडायची शक्यता जास्त, तेवढी जागा सांगता येते. तिला ऑर्बिटल म्हणतात."

"तुझ्या आज्यासारखं!" मी मांडी थोपटली. "घरातून निघाला की नक्की कुठं हाय ते कधी सांगता नाय आलं. पण धक्का, देवळाचा पार, नाय तर ताडीचं दुकान. याच्याबाहेर कधी सापडला नाय. म्हंजे तो ऑर्बिटलात होता आणि मी उगाच भांडले!"

चटईवर पडलेली मोनाली हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग हसू गेलं आणि ती हळूच म्हणाली, "आजी, मला दवाखान्यात जायचंय. बाळ कालपासून कमी हालतंय. पण आईंचं मन मोडून कशी जाऊ?"

मी उठले आणि अंगणात गेले.

"प्रमिला, चल पैज लाव. उद्या सकाळी बाबाने अशा एकाला कावीळ सांगितली, ज्याला ती असूच शकत नाय, तर मोनाली मांडवातूनच दवाखान्यात. आणि बाबा बरोबर निघाला तर मी मरेपर्यंत एक पण थाप मारणार नाय."

प्रमिलाच्या हातातला बोंबील खाली पडला. "एक पण नाय?"

"जिताड्याची पण नाय."

"देवाची शपथ?"

"सुभाषची."

तिने बोंबील उचलून झटकला. "बरं," म्हणाली. माझ्या थापा बंद होणं हा तिला बाबाच्या ज्योतीपेक्षा मोठा चमत्कार वाटला असणार.

रविवारी सकाळी कल्पेशची रिक्षा मांडवाबाहेर उभी केली. आमी सगळे आत. मी पहिला नंबर लावला. हातात स्टीलचा डबा, डब्यात पाणी. जे माणूस येऊ शकत नाय, त्याने हात धुतलेलं पाणी आणलं तरी बाबांना चालायचं. तशी पाटीच होती बाहेर.

"कोणाचं पाणी, माऊली?"

"आमच्या दयारामचं," मी पदर डोळ्याला लावला. "फार वाईट अवस्था हाय बाबा. तीन महिने झाले, एक शब्द बोलत नाय."

"हं," बाबांनी डोळे मिटले.

"डोळे सताड उघडे. पापणी म्हणून लवत नाय."

"हं, हं. लक्षणं उघड आहेत."

"दिवसभर उन्हात पडून असतो. उलटा केला तर उलटा, सुलटा केला तर सुलटा. पोटात तर काय राहिलंच नाय."

"अंगाला वास येतो?"

"इथून घरापर्यंत येतो, बाबा."

मागे स्नेहाला ठसका लागला. मी तिला कोपर मारलं.

बाबांनी डहाळी बुडवली, झटकली. फस्स! असली पिवळी ज्योत मांडवाने कधी पाहिली नव्हती. पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली.

"महाकावीळ!" बाबा गरजले. "याला सात नाही, एकवीस बैठका लागतील! एक दिवस उशीर झाला असता तर हा गेला असता!"

"पण वाचेल ना, बाबा?"

"माझ्या हातून आजवर एकही गेलेला नाही."

"मग दयारामला आत आणू का? आणलाय मी त्याला."

"आणा, आणा!"

मी पिशवीत हात घातला आणि खारवलेला बांगडा काढून चौरंगावर ठेवला. शेपटीला धरून, नीट, बाबांकडे तोंड करून.

क्षणभर कोणाला काय समजलं नाय. मग रंभा म्हणाली, "अगो, हा तर बांगडा!"

"हाच दयाराम. मीच नाव ठेवलं. तीन महिन्यांपूर्वी पकडला, पोट साफ केलं, मीठ भरलं, पत्र्यावर वाळवला. डब्यात काल रात्रभर हाच भिजत होता. बाबा, याला वाचवा! एकवीस बैठकांनी हा खाडीत पोहायला लागला, तर मी जन्मभर तुमचे पाय चेपीन!"

मांडव एवढा हसला की त्याचा एक खांब हलला. बाबा उठले. "पाखंड! थट्टा! देवाच्या ज्योतीची..."

"थांबा बाबा, तुमचे हात राहिले." मी परात पुढे केली. "बुडवा. तुमची ज्योत निळीच राहील, नाय?"

बाबांनी हात मागे घेतले. पण त्यांचा चेला धर्मराज, बिचारा भोळा, तो खरंच मानायचा. "बुडवा की बाबा, दाखवून द्या यांना!" म्हणाला आणि बाबांचा हात धरून परातीत घातला. स्वतःच शिंपडलं पण. पिवळी! काळ्या मांडवात सकाळपासून घाम काय कमी आला होता त्या माणसाला?

"बाबा," मी विचारलं, "तुमाला कधीपासून?"

"ते जाऊ दे!" रंभा उभी राहिली. तिचा भाऊ आदल्या महिन्यात बाबांच्या बैठकांनंतर बरा झाला होता. "पिवळी मिठाने होत असेल. पण सातव्या दिवशी हिरवी झाली, ती? मी माझ्या डोळ्यांनी बघितली!"

बाबांच्या जिवात जीव आला. "बोला! हिरवी कुठून आली? आहे उत्तर?"

स्नेहा पुढे आली. तिच्या हातात एक पुडी होती. "मावशी, ही नाक्यावरच्या क्लबातून आणलीये. पोरं कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती पावडर. डब्यावर लिहिलंय, बोरिक." तिने एका वाटीत पुडी ओतली, बाबांची ज्योत ज्याच्यावर जळायची ते धर्मराजच्या बाटलीतलं स्पिरिट घातलं आणि काडी लावली.

हिरवी. कोवळ्या पानासारखी हिरवीगार ज्योत. या वेळी कोणी 'आऽऽ' केलं नाय.

"मिठाच्या सोडियमचा पिवळा, या पावडरीतल्या बोरॉनचा हिरवा," स्नेहा म्हणाली. "सातव्या दिवशी वाटी बदलतात, बस. आणि मावशी, तुमचा भाऊ बरा झाला ते खरंच आहे. बऱ्याच जणांची कावीळ आराम केला की आपोआप उतरते. नाव यांचं होतं. पण सगळ्यांची उतरत नाही."

मी कनवटीची मिठाची चिमूट त्या हिरव्या ज्योतीवर टाकली. भक्‌कन पिवळी झाली. "झाला परत आजारी!" मी म्हटलं.

लोक आता हसत होते आणि रागावत पण होते. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. असल्या लबाडीला आपल्याकडे कायदा हाय. बाबा मागच्या कापडातून निसटायला बघत होते, पण धर्मराजनेच त्यांचा पंचा घट्ट धरून ठेवला. भोळ्या माणसाला फसवलं की तो सोडत नाय.

मी मात्र प्रमिलाकडे बघत होते. ती हसत नव्हती. बांगड्याकडे बघत बसली होती.

"आत्या," ती हळू म्हणाली, "सुभाषच्या वेळी पण... मीठ उतरवलं तेव्हा चुलीत टाकलेलं. जाळ पिवळा झालेला. मी म्हटलं, नजर जळाली. म्हणून थांबलो आपण तीन दिवस."

ते मीठ माझ्याच हातचं होतं. मी तिचा हात धरला, दोघींचे हात खारट.

मग ती उठली. पदर खोचला. "कल्पेश! रिक्षा चालू कर. बघत काय राहिलास? मोनाली, ऊठ बाय, माझ्या खांद्याला धर."

डॉक्टरीणबाईने मोनालीला लगेच आत घेतलं. म्हणाली, दूषित पाण्यातून आलेली कावीळ. पाणी उकळून प्या सगळे. आणि आणखी दोन दिवस उशीर केला असता तर काय सांगता आलं नसतं. पहिली सुई टोचली तेव्हा मोनालीपेक्षा प्रमिलानेच डोळे घट्ट मिटले, पण हात नाय सोडला. बारा दिवस ती त्या खाटेशेजारी बसून होती. आता घरात मोनालीची लेक, पाच महिन्यांची कादंबरी हाय. तिचं रडणं ऐकून भरतीचं पाणी मागे फिरतं. ही थाप आहे.

पैज मी जिंकले, म्हणून थापा चालू आहेत. पण एक बदल केलाय. थाप मारायची तर एवढी मोठी मारायची, की घासून पुसून पण खरी होता कामा नये. आणि आजाराची थाप मारायची नाय. कधीच नाय.

आता तुमी म्हणाल, गंगूआजी थापाडी, मग ही गोष्ट तरी खरी कशावरून? बरोबर बोललात. माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाबावर ठेवू नका, आणि म्हातारी माणसं सांगतात म्हणून पण ठेवू नका. पुढच्या वेळी भात उतू गेला की गॅस बंद करायच्या आधी एकदा ज्योतीकडे बघा. पिवळी होते का? मग मला सांगा, तुमच्या गॅसला दवाखान्यात नेणार, का मांडवात?